मदत हवी आहे: हार्ड डिस्क जोडली की वायरलेस माउस अडखळतो

डेस्कटॉप, विंडोज १०. कीबोर्ड-माउस दोन्ही वायरलेस, २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणाऱ्या एकाच डोंगलवर (यूएसबी पोर्टात लावायचा छोटा रिसीव्हर). एरवी मस्त चालतात. पण यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क लावून फाइली कॉपी करायला घेतल्या की कर्सर जागीच थिजतो आणि मग एकदम उडी मारतो. कीबोर्डची अक्षरंही गळतात. ‘नमस्कार’ टाइप केलं तर ‘नमसर’ उमटतं. कॉपी संपली की सगळं सुरळीत.

नवे सेल घालून झाले, ड्रायव्हर काढून परत टाकले, डिव्हाइस मॅनेजरमधली वीज वाचवण्याची टिकही काढली. डोंगल लॅपटॉपला लावला तर काहीच त्रास नाही. हार्ड डिस्क यूएसबी २.० पोर्टात लावली तरी माउस ठीक चालतो, पण कॉपी फारच रेंगाळते. त्यामुळे यूएसबी ३.० चा रेडिओ-गोंगाट डोंगलला नडतोय, अशी दाट शंका आहे. समोरचे पोर्ट बंद पडलेत, म्हणून डोंगल मागे हार्ड डिस्कला खेटूनच लावावा लागतो. ब्लूटूथ माउसचा विचार केला, पण तोही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो. वायरवाला माउस शक्यतो नको, सीपीयू टेबलापासून लांब आहे.

ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी सांगा: यूएसबी २.० ची साधी एक्स्टेंशन केबल लावून डोंगल टेबलावर आणला तर भागेल का, की हार्ड डिस्कची केबलच चांगल्या शिल्डिंगची (गोंगाट बाहेर पडू न देणाऱ्या धातूच्या आवरणाची) घ्यावी लागेल?