गुलमर्ग, पहिलंच स्नोबोर्डिंग: बुटांबाबत मदत हवी आहे

फेब्रुवारीत आम्ही चौघं मित्र पुण्याहून पाच दिवस गुलमर्गला चाललोय. बर्फावर कुणी उभंही राहिलेलं नाही. अनुभव सगळा सह्याद्रीचा, म्हणजे फार तर कळसूबाईचे १६४६ मीटर. गुलमर्ग स्वतःच साधारण २६५० मीटरवर! म्हणून पहिला दिवस आराम, मग तीन दिवस प्रशिक्षकासोबत खालच्या सोप्या उतारांवर, शेवटी खिलनमर्गपर्यंत (गुलमर्गच्या वरचं कुरण) चाल. अफरवाटला, म्हणजे त्याहून वरच्या उंच शिखराकडे, जाणार नाही.

बोर्ड आणि त्याचे बूट तिथेच भाड्याने घेऊ. तीन दुकानांना फोन केला. ११ नंबरच्या बुटाबद्दल सगळे 'या, बघू' एवढंच म्हणतात. चालायला नेहमीचे ट्रेकिंगचे बूट आहेत, वॉटरप्रूफ नाहीत, आणि नवे घ्यायचं बजेट नाही. त्यावर गेटर (बुटाच्या वरून पोटरीपर्यंत बांधायचं आवरण) आणि मायक्रोस्पाइक्स (बर्फात घसरू नये म्हणून बुटाखाली चढवायचे छोटे खिळे) चढवले तर दिवसभराच्या बर्फात भागेल, की पाय भिजणारच?

आणि ११ नंबरचे स्नोबोर्डचे बूट तिथे भाड्याने कुणाला मिळालेत का?