उलानहू: मंगोलांना घर मिळवून देणारा, की चीनच्या दावणीला बांधणारा?

नकाशावेडा:
वडिलांच्या कपाटात सत्तरच्या दशकातला एक ॲटलास सापडला. त्यात चीनमधला इनर मंगोलिया एवढुसा, दोन्ही बाजूंनी छाटलेला. आजच्या नकाशात तोच प्रदेश चीनच्या डोक्यावर फेटा बांधल्यासारखा पसरलेला दिसतो. छापखान्याची चूक असेल म्हणून शोधत गेलो आणि उलानहूपाशी पोचलो.

ओळख थोडक्यात. १९०६ साली होहोतजवळच्या (इनर मंगोलियाची आजची राजधानी) तुमेद भागात जन्म, १९२५ ला कम्युनिस्ट पक्षात, मग मॉस्कोत शिक्षण. १ मे १९४७ ला, म्हणजे माओचं चिनी लोकगणराज्य जन्माला यायच्या अडीच वर्षं आधी, इनर मंगोलियाचं स्वायत्त सरकार स्थापन झालं, त्याचा हा प्रमुख. १९६६ पर्यंत सरकारही त्याचं आणि पक्षाची गादीही त्याचीच. मग सांस्कृतिक क्रांती आली, बीजिंगच्या एका हॉटेलात बैठक बोलावून त्याला उतरवलं. १९६९ ला प्रदेशाचे लचके शेजारच्या प्रांतांना दिले, ते १९७९ ला परत जोडले. माझा ॲटलास नेमका या मधल्या काळातला! शेवटी १९८३ ते १९८८ उपराष्ट्राध्यक्षपद, आणि १९८८ च्या डिसेंबरात मृत्यू.

माझं मत: पूर्वेकडच्या मंगोल नेत्यांना १९४५ साली स्वतंत्र मंगोलियात सामील व्हायचं होतं. १९४६ च्या एप्रिलमध्ये चंगदे शहरातल्या बैठकीत उलानहूने त्यांना वळवून चिनी पक्षाच्या पंखाखाली आणलं. त्या वळवण्याची किंमत नंतर पिढ्यांनी मोजली.

पेन्शनर:
साफ असहमत. वळवलं म्हणता, पण दुसरी वाट उघडी होती का? १९४५ च्या ऑगस्टमध्ये स्टालिन आणि चीनमधला माओचा विरोधक सत्ताधारी चांग काय-शेक यांचा करार झाला. त्यात सार्वमत घेऊन बाह्य मंगोलियाला, म्हणजे आजच्या मंगोलिया देशाला, मान्यता द्यायचं ठरलं, आतल्यांचं, म्हणजे इनर मंगोलियाचं, नावही नाही. ही मंडळी उलान बातोरच्या (त्या मंगोलियाची राजधानी) दारात गेली आणि हात हलवत परत आली. मग उरले दोघेच, चांग आणि माओ. चांगकडे मंगोलांसाठी काय होतं? प्रांत पाडून कुरणं नांगराखाली घालायची, एवढंच. उलानहूंनी पदरात पडेल ते पाडून घेतलं.

खवचट_कार्टं:
पदरात काय पडलं, काका? संस्थानी कारभार आठवा. गादीवर महाराज, हुकूम रेसिडेंटसाहेबांचा. तिथेही कायद्याने प्रदेश सरकारचा अध्यक्ष मंगोलच लागतो आणि पक्षाचा सचिव बाहेरून येतो. उलानहूचा मुलगा बूहे १९८२ ते १९९३ अध्यक्ष, नात बू श्याओलिन २०१६ ते २०२१. आजोबा, मुलगा, नात. छान चाललं होतं.

पेन्शनर:
कार्ट्या, उपमा झकास, फक्त माणूस चुकला. उलानहू महाराजही होते आणि रेसिडेंटही. त्यांच्यानंतर पक्षाची गादी एकाही मंगोलाला मिळालेली नाही. तुम्ही नातीचा हिशेब आजोबांच्या खात्यावर मांडताय.

मेंढरामागे:
राजकारणातलं मला फार कळत नाही, पण कुरणांबद्दल बोलतो. आमची तीन पिढ्यांची मेंढरं आहेत. १९४७-४८ ला तिकडे जमीन वाटपाच्या जोडीने जनावरंही वाटायला घेतली होती. शंभराचा कळप वीस घरांत पाच-पाच वाटला तर तो कळप राहत नाही. पाच मेंढरांमागे कोण दिवसभर हिंडणार? आणि उद्या आपलीही जाणार म्हटल्यावर मालक आजच सुरी काढतो. तिथेही तेच झालं, जनावरं धडाधड कापली गेली. तेव्हा या माणसाने धोरण फिरवलं: कळप वाटायचे नाहीत, मालकांवर जाहीर हल्ले नाहीत, गुराख्यांत वर्ग पाडायचे नाहीत, फायदा मालकाचाही आणि राखणाऱ्याचाही. माओच्या राज्यात असं बोलायला छाती लागते. कुरण नांगरू नका हेही तो सांगत राहिला. १९६६ ला आरोपपत्रात ‘वर्गसंघर्ष सोडला’ म्हणून हेच निघालं.

नकाशावेडा:
मेंढरांचा मुद्दा बिनशर्त मान्य, हे मला माहीत नव्हतं.

पण १९५४ ला सुइयुआन प्रांत जोडून घेतला त्याचं काय? नकाशा मोठा झाला, होहोत राजधानी मिळाली, आणि त्याचबरोबर लाखो हान (चीनमधले बहुसंख्य) शेतकरी आत आले. २०२० च्या जनगणनेत सुमारे २ कोटी ४० लाखांत मंगोल ४२ लाखांच्या आसपास. जमीन जिंकून माणसं हरलेला सौदा.

पेन्शनर:
ते शेतकरी पिढ्यान्पिढ्या आधीच तिथे होते, नकाशाने आणले नाहीत. उलानहूंचा तुमेद भाग तर सुइयुआनमध्येच. तिथले बहुतेक मंगोल तेव्हाच चिनी बोलू लागले होते. घर बाहेर ठेवून घर कसं मागणार?

शाईवाली:
भाषेचा विषय निघालाच आहे म्हणून. कामानिमित्त चीनमधल्या निंगबोला जाते, पाकिटात दहा युआनची नोट पडून आहे. मागच्या बाजूला कोपऱ्यात तिबेटी, उइगुर, च्वांग आणि मंगोल भाषांतला मजकूर. मंगोल अक्षरं उभी, वरून खाली, नखाएवढी. २०२० च्या सप्टेंबरात तिथल्या मंगोल शाळांत भाषा, राजकारण आणि इतिहास हे तीन विषय टप्प्याटप्प्याने चिनीतून शिकवायला सुरुवात केली, तेव्हा पालकांनी मुलं शाळेतून घरी नेली. अध्यक्षपदावर तेव्हा नातच होती. नोटेवरची अक्षरं मात्र जागच्या जागी.

आणि १९६६ नंतरचं कुणी एका ओळीत उरकू नका. त्याला पाडल्यावर ‘त्याचे लोक’ शोधायची मोहीम निघाली. चिनी सरकारच्याच १९८० च्या आरोपपत्रात आकडा आहे: ३,४६,००० जणांचा छळ, १६,२२२ मृत्यू. तो स्वतः बीजिंगमध्ये नजरकैदेत वाचला.

पेन्शनर:
तो आकडा माझ्याही घशाखाली उतरत नाही. पण मारणाऱ्यांचा दोष मार खाणाऱ्यांच्या पुढाऱ्यावर टाकू नका, इतकंच म्हणतो.

खवचट_कार्टं:
पुढारी म्हटल्यावर थोडा टाकावाच लागतो, काका.

नकाशावेडा:
सुइयुआनवर मी अजून ठाम आहे. ॲटलासचं पान उद्या स्कॅन करून टाकतो. घडी नेमकी इनर मंगोलियाच्या ऑर्डोस भागावरून गेली आहे, तेवढं सांभाळून घ्या.