मदत हवी आहे: हलक्या रिमने पिकअप आणि हँडलिंगमध्ये नेमका किती फरक पडतो?

नमस्कार मंडळी,

गेले तीन आठवडे या एकाच प्रश्नात अडकलोय, म्हणून धागा काढतोय.

गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे, ५८ हजार किलोमीटर झालेली. रिकामं वजन हजार किलोच्या आसपास, मी बसलो की अकराशे धरा. कंपनीकडून आलेल्या १५ इंची लोखंडी रिम्स आहेत, टायर १८५/६५ आर १५. रोजच्या रस्त्यात एक लांब डावं वळण लागतं. तिथे डांबराची ठिगळं आहेत आणि प्रत्येक ठिगळावर गाडीचं पुढचं तोंड अर्धा वीत बाहेर सरकल्यासारखं वाटतं. स्टिअरिंग तेवढंच धरलेलं असतं, तरी गाडी आपली रेघ सोडते. वेग फार नसतो, भीतीही वाटत नाही, पण गाडी मनापासून आवडते आणि हे खटकतं.

रिम्स बदलायचं डोक्यात आल्यापासून ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. एक जण म्हणाला, चाकातलं एक किलो म्हणजे बॉडीतलं दहा किलो, गाडी उडायला लागेल. दुसरा म्हणाला, दिसायला छान, बाकी काही नाही. तिसऱ्याचं म्हणणं, बदलायचंच तर सरळ १७ इंची घे, हँडलिंग त्यानेच सुधारतं.

शेवटी मी स्टेपनी काढून घरच्या वजनकाट्यावर चढलो. (स्टेपनी बाकीच्या चार चाकांसारखीच आहे.) आधी एकटा, मग चाक छातीशी धरून. वजाबाकी केली तर टायरसकट १६.६ किलो. पंक्चरवाल्याकडे टायर उतरवून नुसती रिम मोजली, ती ८.४ किलो भरली, म्हणजे टायर ८.२. नजरेसमोर दोन पर्याय आहेत:

पहिला, १५ इंचीच पण हलकी अलॉय, ५.८ किलोची. दुसरा, १७ इंची अलॉय, ९.४ किलोची, त्यावर २०५/४५ आर १७ टायर बसेल.

पिकअप, ब्रेकिंग, वळणावरची पकड यांत खरंच किती फरक पडेल? ज्यांनी स्वतः बदलून पाहिलंय किंवा ज्यांना यातलं गणित कळतं त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

मी १७ इंची लावल्यात. स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच वळते, पूर्वी क्षणभर उशीर व्हायचा. पण खड्डा आला की आधी मणक्याला कळतं. दोन वर्षांत दोन रिम्स ठोकून सरळ करून घेतल्या. वजन मात्र कधी मोजलं नाही.

प्रतिसाद २

आधी काटा काढलात हे फार बरं केलंत. यातला निम्मा गोंधळ कोणी वजनच करत नाही म्हणून होतो. अलॉय म्हटलं की हलकीच असणार असं लोक धरून चालतात. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश आहे हे खरं, पण लोखंडी रिम पातळ पत्र्याची असते आणि ओतीव अलॉयची भिंत जाड ठेवावी लागते. त्यामुळे साधी ओतीव अलॉय कित्येकदा लोखंडीएवढीच भरते. तुमचा दुसरा पर्याय तर एक किलोने जड आहे.

आता ते 'एक किलोचे दहा किलो'. हे होऊच शकत नाही, आणि का ते एकदा नीट पाहू. चाक पुढेही जातं आणि फिरतंही, म्हणून त्याला वेग द्यायला दुप्पट काम पडतं असं आपण ऐकतो. दुप्पट कधी? जेव्हा ते वजन टायरच्या अगदी बाहेरच्या कडेला, रस्त्याला टेकणाऱ्या रबरात असतं तेव्हा. तिथल्या कणाचा फिरण्याचा वेग गाडीच्या वेगाएवढाच असतो, म्हणून पुढे जाण्याची जेवढी ऊर्जा तेवढीच फिरण्याची. म्हणजे एक किलोचे दोन किलो, ही वरची मर्यादा.

रिम तर त्याच्या बरीच आत असते. १५ इंची रिमची त्रिज्या १९० मिलिमीटर, तुमच्या टायरसकट चाकाची साधारण ३१० आणि भाराखाली दबून ३०० च्या आसपास. फिरण्याचा हिस्सा त्रिज्येच्या वर्गाने बदलतो. १९० भागिले ३०० चा वर्ग केला तर ०.४ येतं. म्हणजे रिमच्या कडेवरचं एक किलो बॉडीतल्या १.४ किलोएवढं. आऱ्यांमधलं वजन आणखी आत, त्यामुळे १.३ ते १.४ धरा.

पहिल्या पर्यायात तुमचे दर चाकामागे २.६ किलो वाचतात, चार चाकांचे १०.४. पिकअपच्या हिशोबात ते साधारण १४ किलो झाले. अकराशेतले १४ म्हणजे सव्वा टक्का. शून्य ते शंभरला गाडी साडेबारा सेकंद घेत असेल तर सेकंदाचा सहावा-सातवा भाग वाचेल. मागच्या सीटवरची जड बॅग उतरवली तरी एवढंच होतं. पिकअपसाठी रिम्स घेणार असाल तर घेऊ नका.

ब्रेकिंगचंही तेच. ब्रेकला थोडी कमी ऊर्जा जिरवावी लागते, पण गाडी किती अंतरात थांबेल हे टायरची पकड ठरवते. मायलेजमध्ये एकसारख्या वेगावर काहीच फरक नाही, थांबत-निघत चालवताना नावापुरता.

पण तुमची तक्रार पिकअपची नाहीच, ती त्या वळणाची आहे, आणि तिथे हिशोब अगदी वेगळा आहे. स्प्रिंगच्या वर जे तोलून धरलेलं असतं ते एक वजन, आणि स्प्रिंगच्या खाली रस्त्याबरोबर वरखाली होणारं ते दुसरं: चाक, टायर, हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग), ब्रेकची डिस्क, कॅलिपर आणि सस्पेन्शनच्या आर्मचा थोडा भाग. तुमच्या गाडीत एका कोपऱ्यावर हे खालचं वजन अंदाजे ३४ किलो असेल. त्यातले २.६ म्हणजे साडेसात टक्के. पिकअपला सव्वा टक्का आणि इथे साडेसात, फरक कुठे जाणवेल ते यातच आलं.

ठिगळाच्या कडेवर टायर आदळतो तेव्हा चाक वर फेकलं जातं. ते जेवढं जड तेवढा त्याचा जोर जास्त, आणि तो जोर थांबवून चाक परत रस्त्यावर दाबण्याचं काम स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचं. बॉडी सेकंदाला एक-दीड वेळा हेलकावते, चाक मात्र दहा-पंधरा वेळा थरथरतं. त्या प्रत्येक थरथरीत टायरचा रस्त्यावरचा दाब क्षणभर कमी होतो. दाब कमी म्हणजे बाजूची पकड कमी, आणि वळणात तेवढ्या क्षणात तोंड बाहेर सरकतं. हलकं चाक लवकर खाली येतं. गुळगुळीत रस्त्यावर याचा फायदा जवळजवळ शून्य, कारण चाक वरखाली होतच नाही.

म्हणूनच आधी शॉक ॲब्सॉर्बर बघा. ५८ हजार किलोमीटर आणि ठिगळावर रेघ सोडणं हे ऐकून माझा पहिला संशय तिथेच जातो. दांड्यावर तेल ओघळलंय का, टायरच्या रबरावर ठरावीक अंतराने बशीसारखे खळगे पडलेत का, बघा. शॉक ॲब्सॉर्बर मेलेला असेल तर हलकी रिम लावून तो जिवंत होणार नाही. ते आधी बदला, आठवडाभर चालवा, मग रिम्स. आणि नव्या रिम्सवर जुनेच टायर चढवा, म्हणजे कशाने काय झालं ते कळेल.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाला पूर्ण दुजोरा. त्यात माझा अनुभव जोडते, कारण 'हलकी' एवढंच पाहून मी एकदा फसले आहे.

माझ्या रिम्स खूप हलक्या होत्या, पण साध्या ओतीव. धातू कमी करून वजन कमी केलेलं होतं. काही महिन्यांनी पुढच्या उजव्या चाकाची हवा रोज चार-पाच पीएसआय उतरायला लागली. पंक्चर सापडेना. शेवटी चाक उतरवून आतल्या बाजूला साबणाचं पाणी लावलं, तेव्हा आऱ्याच्या मागे, आतल्या ओठाजवळ, केसाएवढ्या बारीक रेषेतून बुडबुड्यांची माळ निघाली. तडा होता. बाहेरून रिम नव्यासारखी दिसत होती. तशीच हायवेला घेऊन गेले असते तर काय झालं असतं, हा विचार अजून येतो.

म्हणून रिम कशी बनवली आहे ते विचारा. फोर्ज केलेली, म्हणजे ओतण्याऐवजी प्रचंड दाबाखाली घडवलेली, सगळ्यांत उत्तम. फ्लो फॉर्मिंगची म्हणजे ओतल्यावर कडेची भिंत रोलरखाली दाबून ताणलेली, त्यात धातू दाट होतो म्हणून भिंत पातळ ठेवता येते. आऱ्यामागे भारक्षमता कोरलेली असते ती वाचा. गाडीच्या एका ॲक्सलवर जास्तीत जास्त किती भार चालतो ते कागदपत्रांत असतं, त्याच्या निम्म्याहून ती कमी असता कामा नये. जेडब्ल्यूएलची खूण म्हणजे जपानच्या चाचणीचे निकष पाळल्याचं उत्पादकाचं म्हणणं, आणि सोबत व्हीआयए असेल तर ते तिसऱ्या संस्थेने तपासलेलं असतं.

१७ इंचीत आणखी एक मेख आहे. तुमच्या आताच्या टायरचा लोड इंडेक्स (एक टायर किती भार पेलतो त्याचा सांकेतिक आकडा) बहुधा ८८ असेल, म्हणजे ५६० किलो. २०५/४५ आर १७ साध्या प्रकारात ८४ मिळतो, म्हणजे ५०० किलो. घ्यायचाच तर जास्त भाराचा, ८८ वाला बघून घ्यावा लागेल.

आणि ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतचं मिलिमीटरमधलं अंतर! आताची रिम ६ जे (म्हणजे सहा इंच रुंद), ऑफसेट ४५ असेल आणि नवीन ७ जे, ऑफसेट ३५ घेतली, तर चाकाची बाहेरची कड जवळजवळ २३ मिलिमीटर बाहेर येते. दहा ऑफसेटचे, पावणेतेरा रुंदीचे. मग ब्रेक मारताना स्टिअरिंग हाताला ओढतं, बेअरिंगवर ताण येतो आणि फेंडरला टायर घासतो. हलकेपणाने जे कमावलं ते इथे जातं. ऑफसेट आणि रुंदी कंपनीच्या आकड्यांच्या जवळच ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. लिफ्टवर गाडी चढवली तर पुढच्या डाव्या शॉक ॲब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ स्पष्ट दिसत होता. मला सुचलंच नसतं. १७ इंचीचा विचार सोडला. ५.८ किलोची रिम फ्लो फॉर्मिंगची आहे, ६ जे, ऑफसेट ४३. बसवताना आणखी काय बघू?

प्रतिसाद २

तीन गोष्टी. बाजारातल्या रिमचं मधलं भोक बऱ्याचदा हबपेक्षा मोठं असतं, तिथे मापाची सेंटरिंग रिंग हवीच, नाहीतर ऐंशी-नव्वदच्या वेगात स्टिअरिंग थरथरेल आणि तुम्ही बॅलन्सिंग करत बसाल. नटची बैठक बघा: रिमला शंकूसारखी हवी असेल तर लोखंडी रिमचे नट कदाचित चालणार नाहीत. आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर सगळे नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) पुन्हा तपासा, अंदाजाने पाना मारू नका.

धागाकर्ता

महिनाभराने लिहितोय, उशीर झाला.

आधी पुढचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर बदलले आणि दहा दिवस जुन्याच रिम्सवर चालवली. सगळ्यांत मोठा फरक त्यानेच पडला. त्या वळणात तोंड बाहेर सरकणं जवळजवळ थांबलं. मग रिम्स बदलल्या, टायर तेच, हवा तेवढीच. ठिगळावरचा आवाज बदलला. पूर्वी 'धप्प' यायचा, आता 'टप्प' येतो आणि लगेच विरतो. वळणात स्टिअरिंगवर बारीक दुरुस्ती करावी लागायची तीही आता लागत नाही. लहानसा फरक आहे, पण रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्याला कळतो.

पिकअप जीपीएसवर मोजला, रिकाम्या सरळ रस्त्यावर, दोन्ही दिशांना मिळून आठ वेळा. जुन्या रिम्सवर सरासरी १२.६ सेकंद, नव्यांवर १२.४. पण एकाच रिमवरच्या दोन फेऱ्यांत ०.३ सेकंदाचा फरक येत होता, तेव्हा या आकड्यावर मी काही सांगू शकत नाही. गाडी उडायला लागलेली नाही, एवढं नक्की.

८० किलोमीटरनंतर नट तपासले होते. मागच्या डाव्या चाकाचा एक नट पाव फेरा फिरला, बाकीचे जागच्या जागी होते.