नव्या शूगेझची सुरुवात कोठून करावी?

नमस्कार. शूगेझ, म्हणजे गिटारच्या दाट, धूसर नादात गायन विरघळवणारे रॉक संगीत, मला फार आवडते. त्यातले माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा ‘लव्हलेस’ (१९९१) आणि स्लोडाइव्ह या बँडचा ‘सुवलाकी’ (१९९३) हे माझे अत्यंत आवडते अल्बम. अलीकडच्या शूगेझपैकी जे कानावर पडले, ते बहुतेक या दोहोंची नक्कल वाटले. स्वतःचे काही म्हणणे असलेले अल्बम जाणकारांनी सुचवावेत.

प्रतिसाद:
नक्कल पुष्कळ होते, हे मान्य. रिव्हर्ब (आवाज घुमवणारे) आणि फझ (आवाज खरखरीत करणारे) असे गिटारचे पेडल घेतले की तो धूसर नाद कोणालाही काढता येतो; त्याखाली चाल आहे का, एवढेच पाहावे. स्लोडाइव्हचाच २०१७ चा, बँडचे नाव ल्यायलेला अल्बम आपण ऐकला नसेल तर आधी तो ऐकावा.

माझी खरी शिफारस मात्र दक्षिण कोरियातील पॅरानूलची. खरे नाव जाहीर न करणाऱ्या या एकट्या कलाकाराने ‘टू सी द नेक्स्ट पार्ट ऑफ द ड्रीम’ (२०२१) घरीच, संगणकावरच्या आभासी वाद्यांच्या आधारे केला. ‘लव्हलेस’ला दोन वर्षे आणि डझनाहून अधिक स्टुडिओ लागले होते; येथे मात्र तसे काही नाही, ड्रम कर्कश आहेत, गिटार फाटल्यासारखी वाजते आणि गाणारा त्या गदारोळात पार बुडून जातो. हे दोष कोणी निस्तरले असते, तर त्या तरुणाची हताशा कोरियन न जाणणाऱ्या माझ्यापर्यंत इतकी थेट पोहोचली नसती, असे मला वाटते. (भावगीतांवर पोसलेल्या कानांना शब्द न कळण्याची सवय व्हायला थोडा वेळ लागतो.)

दुसरा प्रतिसाद:
पॅरानूल उत्तमच, पण पहिल्याच बैठकीला नको. आयर्लंडमधील डंडॉकच्या जस्ट मस्टर्ड या बँडचा ‘हार्ट अंडर’ (२०२२) आधी घ्यावा. त्यात गिटार गिटारसारखी वाजतच नाही. कधी सायरन, कधी लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येतो, आणि त्यावर गायिका केटी बॉल अगदी शांतपणे गाते. बास नीट देणारे हेडफोन हवेत, कारण मोबाइलच्या स्पीकरवर निम्मे संगीत हरवते. ब्लॅक मेटलचे (किंचाळत्या गायनाच्या, वेगवान हेवी मेटलचे) वावडे नसेल, तर डेफहेवनचा ‘सनबाथर’ (२०१३) हाही घ्यावा.

धागाकर्ता:
आभारी आहे. ‘हार्ट अंडर’पासून आरंभ करतो, पॅरानूल त्यानंतर. ‘सनबाथर’मधील किंचाळणे घरच्यांना झेपणारे नाही; तो हेडफोनवरच ऐकेन.