काम शोधणाऱ्याला सरकारी हेल्पलाइनचा फोन खरंच फुकट पडतो का?

कळंबेकर

माझा भाचा भुदरगड तालुक्यातला. आयटीआय फिटर. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला कंत्राटदाराकडून कामाला होता. ऑर्डरी कमी झाल्या आणि दिवाळीनंतर ‘सांगतो तेव्हा या’ म्हणून घरी बसवला. आता नोकरीच्या सरकारी नोंदणीत त्याचं नाव अडकलंय. आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसरं. दुरुस्तीसाठी हेल्पलाइनला फोन करा असं स्क्रीनवर येतं.

रविवारी त्याने मला मोबाईलमधली फोनची यादी दाखवली. चार दिवसांत ११ फोन. एक २३ मिनिटांचा, एक ३१ चा, एक १७ चा, बाकी लहान. सगळे मिळून दोन तासांच्या वर. त्यात माणसाशी बोलणं झालं फक्त एकदा, तेही ‘सिस्टीम स्लो आहे, उद्या करा’ एवढंच. उरलेला वेळ सनईची धून आणि ‘आपण रांगेत आहात’.

चौथ्या दिवशी पॅक संपला. मग तोच टोल फ्री नंबर लावला तर ‘आउटगोइंग सेवा बंद आहे’. २०० रुपये त्याने माझ्याकडून उसने नेले. मागताना खाली बघत होता, ते माझ्या मनातून जात नाही.

फोन फुकट आहे म्हणणाऱ्यांनी हा हिशोब बघावा. २०१८ च्या नोव्हेंबरपर्यंत कार्डात शिल्लक शून्य असली तरी इनकमिंग चालू राहायचं. मग कंपन्यांनी २८ दिवसांना ३५ रुपयांचा किमान रिचार्ज आणला. २०२४ च्या जुलैतल्या दरवाढीनंतर साधा अनलिमिटेड पॅक दोनशेच्या घरात गेला. २८ दिवसांनी म्हणजे वर्षात १३ वेळा. १९९ ने धरा, २,५८७ रुपये होतात. घरी बसलेल्या पोराने हे भरायचेच, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतो आणि मुलाखतीचा फोनही त्याच नंबरवर येतो.

माझं म्हणणं एवढंच: काम मागणाऱ्याच्या फोनचा खर्च सरकारने उचलावा. पॅक संपलेल्या सिमवरूनही आणीबाणीचा ११२ लागतो, तसा रोजगाराचा नंबरही लागला पाहिजे.

उद्यमनगर

कळंबेकर, भाच्याबद्दल वाईट वाटलं. पण मुद्दा पटला नाही.

टोल फ्री म्हणजे काय ते आधी नीट बघू. १८०० ने सुरू होणाऱ्या नंबरला पैसे फोन घेणारा भरतो, १८६० ने सुरू होणाऱ्याला फोन करणारा भरतो. राष्ट्रीय करिअर सेवेचा (नोकरीच्या सरकारी नोंदणीचा) १५१४, ई-श्रमचा (असंघटित कामगारांच्या नोंदणीचा) १४४३४, हे सगळे फोन करणाऱ्याला फुकटच आहेत. म्हणजे सरकार खर्च उचलतंच आहे, आपल्याच करातून. आणखी काय उचलायचं? पॅकवर नुसता हेल्पलाइनचा फोनच नाही, बाकी सगळंही चालतं. त्याचा पूर्ण खर्च हेल्पलाइनच्या नावावर टाकणं बरोबर नाही.

माझं शिवाजी उद्यमनगरात २५ वर्षं लेथचं वर्कशॉप आहे. गेटवर ‘टर्नर पाहिजे’ ही पाटी पावसाळ्यापासून लटकतेय, खडू पुसट झालाय. आमच्या गल्लीत अशा चार पाट्या दाखवतो. पोरं गेटवर येत नाहीत, फोनवर बसतात. पूर्वी आयटीआयचं पोरगं सायकलवरून दहा शेडमध्ये विचारत फिरायचं आणि संध्याकाळपर्यंत कुठंतरी लागायचं. सरकारने फोन फुकट करून ती सवय परत येणार नाही.

शिरोलीचा मोल्डर

उद्यमनगरवाले काका, गेटवर कधी यायचं ते सांगा.

मी फाउंड्रीत. आठ ते आठ. मोबाईल लॉकरमध्ये ठेवायचा, आत न्यायला बंदी आहे, आणि वितळलेलं लोखंड ओतताना ते बरोबरच आहे. जेवायची सुट्टी अर्धा तास. त्यात हात धुऊन डबा उघडेपर्यंत दहा मिनिटं जातात. मला चांगली जागा बघायचीय, म्हणजे मीही काम शोधणाराच. हेल्पलाइन सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. मी सुटतो तेव्हा ती बंद.

मागच्या महिन्यात एका फोनसाठी खाडा केला. सकाळी दहापासून गादीवर बसून फोन कानाला लावला. साडेबाराला लागला. तर म्हणाले, ही माहिती जिल्ह्याच्या ऑफिसात मिळेल. खाड्याचा पगार गेला तो गेलाच, वर महिन्याचा हजेरी बोनसही गेला. कॉल फुकटच होता हो. मला मात्र तो लई महागात पडला.

मला तर वाटतं रिचार्जचं सोडा, हेल्पलाइन रात्री दहापर्यंत आणि रविवारी चालू ठेवा.

राजारामपुरी अभ्यासिका

चर्चा चुकीच्या जागी चाललीय असं माझं मत. २०२३ च्या तलाठी भरतीला खुल्या गटाला १,००० रुपये आणि राखीव गटाला ९०० रुपये फी होती. एका फॉर्मला. वर्षात असे चार-पाच फॉर्म भरतो आम्ही. त्याशिवाय अभ्यासिकेची फी, मेसचा डबा, परीक्षा केंद्र पुण्याला आलं तर जाणं-येणं. त्यापुढे १९९ म्हणजे काहीच नाही. आवाज उठवायचाच तर परीक्षा फीवर उठवा.

कळंबेकर

परीक्षा फीबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण फॉर्म भरायचा की नाही हे निदान आपल्या हातात असतं. सिम चालू ठेवणं हातात नाही. ते बंद पडलं की भरलेल्या फॉर्मचा मेसेजसुद्धा येत नाही.

चंदगडची लेक

मी दोन्ही बाजूंच्या विरोधात आहे.

आमच्या वाडीत रेंज मिळते ती देवळामागच्या कातळावर. घरात फोन एक, तो वडिलांबरोबर काजूच्या बागेत जातो. हेल्पलाइन फुकट करा, पॅक फुकट करा, मला त्याचा उपयोग संध्याकाळी सातनंतर. त्या वेळी कातळावर एकटीने अर्धा तास उभं राहायला घरचे सोडत नाहीत, आणि मी त्यांना दोषही देत नाही.

पण माझा खरा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. फोनला पोच नसते. एका प्रशिक्षणाच्या चौकशीत मला फोनवर सांगितलं, ‘तुमचं नाव घेतलंय, काळजी करू नका.’ तीन आठवड्यांनी परत फोन केला तर दुसऱ्या कुणीतरी उचलला आणि अशी काही नोंदच नाही म्हणाले. आता मी काय दाखवू? वहीत तारीख लिहून ठेवली होती. माझ्या वहीला कोण विचारतं?

माझी आजी रोजगार हमीच्या कामावर होती. महाराष्ट्राने हा कायदा १९७७ ला केला, देशात सगळ्यात आधी. त्यातून आपण शिकलो की काम मागायचं ते लेखी, नमुना ४ भरून, आणि तारखेची पोच हातात घेऊन. पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर भत्ता, आणि पंधरा दिवस मोजायचे त्या पोचेवरच्या तारखेपासून. आजीला वाचता येत नव्हतं, पण तो कागद तिने तांदळाच्या डब्यात जपून ठेवला होता. आम्ही शिकलेल्यांनी तो कागद सोडून फोनच्या मागं लागावं हे मला पटत नाही.

इथून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर आहे. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, म्हणून मी आता स्वतः जाते. पण दिवस मोडतो. तालुक्याला आठवड्यातून दोन दिवस खिडकी उघडा, समोर माणूस बसवा, शिक्का मारून पोच द्या.

उद्यमनगर

ताई, पोचेचा मुद्दा मान्य. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. त्यात येणाऱ्या सेवेच्या अर्जाला नंबरासह पोच द्यावी लागते. फोनवरच्या तक्रारीलाही तसाच नंबर एसएमएसने आला पाहिजे. यावर माझा विरोध नाही.

करवीरकर, लंडन

इकडचा अनुभव सांगतो, कामाला येईल. ब्रिटनमध्ये ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ ही बेरोजगारांची आणि कमी पगारवाल्यांची मदत योजना आहे. तिच्या हेल्पलाइनला काही मोबाईलवरून मिनिटाला ५५ पेन्सपर्यंत पडायचे. घरभाड्याला पैसे नसलेली माणसं अर्धा तास रांगेत थांबून पैसे घालवत होती. ११ ऑक्टोबर २०१७ ला विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनी संसदेत थेट पंतप्रधानांना विचारलं. पुढच्याच आठवड्यात मंत्र्यांनी ती हेल्पलाइन मोफत करण्याची घोषणा केली. खात्याच्या बाकी हेल्पलाइनही वर्षअखेरपर्यंत मोफत करू म्हणाले. विचारणारा माणूस योग्य जागी उभा राहिला की होतं.

उद्यमनगर

तिथला मुद्दा मिनिटाच्या दराचा होता. तो प्रश्न आपल्याकडे सुटलेला आहे, हेच तर मी सांगतोय.

कळंबेकर

मिनिटाचा दर सुटला, पण तो २८ दिवसांच्या पॅकमध्ये जाऊन बसला. तिकडच्या माणसाच्या खात्यात निदान मदतीचे पैसे तरी येतात. आपल्याकडे ईएसआयसीच्या (कामगार राज्य विमा महामंडळाच्या) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत काम गेल्यावर ९० दिवसांपर्यंत निम्मा पगार मिळतो, पण ज्याचा ईएसआय नियमाने भरलाय त्यालाच. भाच्याच्या कंत्राटदाराने किती महिने भरलाय तेच कळत नाही. विचारायला पुन्हा फोनच करायचा.

इचलकरंजी माग

सोपा उपाय आहे की. गॅस सिलिंडर मिस्ड कॉलवर बुक होतो, बँकेची शिल्लक मिस्ड कॉलवर कळते. तसा रोजगाराचाही मिस्ड कॉल नंबर द्या. पोरगं रिंग देईल, ऑफिस उलटा फोन करेल. मोल्डरभावाला रात्री आठनंतर फोन येईल. रांगही नाही, खाडाही नाही.

शिरोलीचा मोल्डर

हे झालं तर लई बरं होईल. वेळ आम्ही निवडायची असं पण ठेवा.

कळंबेकर

कल्पना मला आवडली, पण पॅक संपला की मिस्ड कॉलही जात नाही. म्हणून मी तोच धोशा लावलाय, आधी बंद सिमवरून नंबर लागू दे. तेवढं झालं की मिस्ड कॉल सगळ्यात उत्तम.

बँकेतला माणूस, शाहूपुरी

थांबा. उलटा फोन हीच मला सगळ्यात धोक्याची गोष्ट वाटते.

आमच्या काउंटरला महिन्यातून दोन-तीन पोरं येतात. इंटरनेटवर ‘नोकरी हेल्पलाइन’ शोधलेलं असतं, वरचाच नंबर लावलेला असतो. मग ‘साहेबांचा’ उलटा फोन येतो. नोंदणी फी ५००, मेडिकलचे १,५००, गणवेशाचे २,०००. परवा एका आईने कानातले मोडून आणलेले पैसे असेच गेले. पोरगं बोलत नव्हतं, आईच सगळं सांगत होती. मी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० लावून दिला आणि तक्रार नोंदवली, पण पैसे पुढच्या खात्यात गेले होते. सरकारने उलटे फोन सुरू केले तर या लोकांचं काम सोपं होईल. पोरं कुठल्याही फोनवर विश्वास ठेवतील.

चंदगडची लेक

म्हणूनच खिडकी म्हणते मी.

इचलकरंजी माग

भीती खरी आहे. पण २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने सरकारी आणि आर्थिक संस्थांच्या सेवेच्या फोनसाठी १६० ने सुरू होणारी मालिका दिलीय. उलटा फोन फक्त त्या मालिकेतून येईल आणि कधीच पैसे मागणार नाही, एवढं प्रत्येक आयटीआयच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहा. साध्या मोबाईल नंबरवरून आला की कट करायचा.

बँकेतला माणूस, शाहूपुरी

लिहा जरूर. पण ज्याला सहा महिने काम नाही तो फोनचा नंबर बघत बसत नाही, आला की उचलतो. त्याच्या जागी मीही उचलला असता. मी खिडकीच्या बाजूने.

उद्यमनगर

कळंबेकर, हेल्पलाइनबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण भाचा फिटर आहे ना? सोमवारी सकाळी नऊला पाठवा. सर्टिफिकेटवरचं स्पेलिंग मला नको. व्हर्नियर (मापाचं साधन) धरता येतो का ते बघतो, दोन दिवस मशीनवर उभा करतो, दोन दिवसांची हजेरी देतो.

कळंबेकर

नऊच्या आधीच येईल. मोठे उपकार झाले.

नोंदणी मात्र अजून तिथेच आहे. आज सकाळी त्याच्यासमोर बसून माझ्या फोनवरून लावला. १९ मिनिटांनी कट झाला.

चंदगडची लेक

कळंबेकर, त्याला म्हणावं स्पीड पोस्टने, पोच मागून अर्ज पाठव. पोच आली की जपून ठेव.