पॅच ‘तपासला’ म्हणजे नेमकं काय केलं?

ऐरोलीहून भाचीचा निरोप आला, ‘मावशी, पॅच तपासला. चालतंय.’ पॅच म्हणजे प्रोग्रामच्या कोडमधली छोटी दुरुस्ती. मुक्त-स्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या प्रकल्पातलं तिचं पहिलंच काम, म्हणून आधी शाबासकी दिली. मग विचारलं, तपासलास म्हणजे वाचलास की चालवून बघितलास? तर म्हणे, ‘दोन्हीला तपासणंच म्हणतात ना?’

म्हणतात खरं. बाई पेपर तपासतात, टीसी तिकीट तपासतो. चालवून कोणीच काही बघत नाही. लिनक्स कर्नलवाले (लिनक्स या संगणक प्रणालीचा गाभा लिहिणारे) मात्र पॅचच्या नोंदीत दोन वेगळ्या ओळी लिहितात. ‘रिव्ह्यूड-बाय’ म्हणजे बदल वाचला आणि पटला, ‘टेस्टेड-बाय’ म्हणजे आपल्या यंत्रावर चालवून पाहिला. मी पहिल्याला तपासणी म्हणते, दुसऱ्याला चाचणी. (शाळेतली ‘घटक चाचणी’ म्हणजे शब्दशः युनिट टेस्ट, प्रोग्रामच्या एकेका तुकड्याची चाचणी, हे सांगितल्यावर ‘मग सहामाही म्हणजे इंटिग्रेशन, सगळे तुकडे एकत्र?’ असं उत्तर आलं.)

तिचा पॅच ‘वाऱ्या’तल्या आडव्या र-चा होता. हा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. एक, नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि वर एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण शोधताना एक रूप टाकलं की दुसरं सापडत नव्हतं. पॅच त्यावरच होता. तिने ‘वाऱ्या’ टंकला, शोधला, सापडला. अगं, पण टंकला नि शोधला एकाच कीबोर्डवरून, म्हणजे रूप एकच! तो पॅच न लावताही सापडला असता. म्हटलं, ठिगळ लावायच्या आधी फाटलंय कुठे ते तरी बघ.

रविवारी ठाण्याला आली तेव्हा पुन्हा बसलो. जुन्या कोडवर दोन्ही रूपं एकाच फाइलीत घालून शोधलं, एकच सापडलं. पॅच लावून बिल्ड केलं, म्हणजे कोडपासून प्रोग्राम पुन्हा तयार केला, दोन्ही सापडली. मग पॅच उलटा लावून, म्हणजे बदल काढून टाकून, पुन्हा बिल्ड, परत एकच. तेव्हा कुठे चाचणी झाली.

आता प्रश्न असा, की पॅचला ‘ठिगळ’ चालेल का? पूर्वी कागदी फितीवरची चुकीची भोकं खरोखरच तुकडा चिकटवून बुजवत, पॅच हा शब्द तसाच आला. लॅरी वॉल या प्रोग्रामरने १९८५ मध्ये असे बदल लावण्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रामचं नावही ‘पॅच’च. हे विचारलं, तर अशी बोलाचाली झाली:

— ठिगळ नको हो. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार, असं म्हणतो आपण. गरिबी दिसते त्यात. रफू म्हणा.

— काका, रफू दिसलं की ते बिघडलं. जांभळी नाक्यावर रफू करून घेतलेली माझी शाल आहे, फाटली कुठे होती ते मलाच सापडत नाही. पॅचमध्ये कुठली ओळ काढली, कुठली घातली ते उणे-अधिक चिन्हांनी उघड दाखवावं लागतं. ठिगळच बरोबर.

— घणसोलीत आमच्याकडे ‘पॅच मारला’ नि ‘टाकून बघितला’, बस्स. शब्दांवाचून कोणाचं अडलेलं नाही.

— बोलताना नाही अडत, पण नोंदीत ‘टाकून बघितला’ लिहिलं तर वाचणाऱ्याला कळणार काय? पॅच मागे घेण्याला तरी शब्द हवाच की.

तो शब्द भाचीनेच काढला. तिची नोंद अशी: ‘पॅचशिवाय १ सापडला, लावल्यावर २, उसवल्यावर पुन्हा १.’