मदत हवी आहे: सगळे थ्रेड रीड लॉकसाठीच थांबलेत, मग अडवलंय कोणी?

नमस्कार मंडळी,

तीन आठवडे एकाच गोष्टीच्या मागे आहे. लिनक्सच्या ४.१९ कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सर्व्हरवर आमची एक सर्व्हिस चालते, थ्रेड भरपूर. ती इंडेक्सची फाइल एनएफएसवरून (नेटवर्कवरच्या फाइल सर्व्हरवरून) शेअर्ड एमएमॅप करते, म्हणजे मेमरीत जोडून घेते, आणि थेट त्या मेमरीतच लिहिते. आठवड्यातून एकदोनदा, बहुधा रात्रीच्या बॅकअपच्या वेळी, सगळं गोठतं. सीपीयू रिकामा, तरी लोड ॲव्हरेज (चालणाऱ्या आणि अडकलेल्या टास्कची सरासरी) चढत जातो. टॉप चालतो. प्रोसेसची यादी देणारा पीएस एयूएक्स मात्र मध्येच अडकतो आणि सक्तीने बंद करणाऱ्या किल -९ लाही दाद देत नाही.

पहिल्या वेळी कर्नलच्या लॉगमध्ये '१२० सेकंदांहून जास्त ब्लॉक' असे दहा मेसेज आले. नंतरच्या वेळी एकही नाही. त्या दहांपैकी नऊ टास्क, त्यात पीएससुद्धा, एमएमॅप सेमाफोरवर (प्रोसेसच्या मेमरीच्या नकाशाचं लॉक) डाउन-रीडमध्ये, म्हणजे रीड लॉक मागत, उभे. उरलेला एक थ्रेड पेजचं (मेमरीच्या तुकड्याचं) रायटबॅक, म्हणजे बदललेला डेटा फाइलमध्ये परत लिहिणं, संपायची वाट बघत होता. तो कुठलंच लॉक मागत नव्हता, म्हणून मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

रीड लॉक तर एकाच वेळी अनेकांना मिळतं. मग वाचणारेच वाचणाऱ्यांना कसे अडवतील? टेस्ट मशीनवर लॉकडेप (कर्नलमधला लॉकच्या चुका शोधणारा तपासनीस) चालू करून पाहिलं, तेही गप्प. मला कर्नलमधली रेस (थ्रेडच्या वेळेच्या गोंधळातून होणारी चूक) वाटतेय, पण पुरावा नाही. लॉक कोणाच्या हातात आहे हे शोधायचं कसं?

प्रतिसाद १

ज्या थ्रेडकडे तुम्ही लक्ष दिलं नाहीत, त्याचा पूर्ण स्टॅक (तो कुठल्या फंक्शनमध्ये अडकलाय त्याची साखळी) बघा. त्यात पेज-एमकेराइट (पेज लिहिण्याजोगं करणारं फंक्शन) दिसलं, तर लॉक त्याच्याच हातात आहे. शेअर्ड मॅपिंगमधल्या पेजवर लिहिताना फॉल्ट (काम कर्नलकडे जाणं) होतो, तो एमएमॅप सेमाफोर रीडसाठी घेतो, आणि त्या पेजचं आधीचं रायटबॅक पुरं होईपर्यंत एनएफएस त्याला तिथेच थांबवतं, लॉक न सोडता. हार्ड माउंट (उत्तर येईपर्यंत प्रयत्न न सोडणारी जोडणी) असेल तर एनएफएस सर्व्हर उत्तर देईपर्यंत तो हलणार नाही.

एवढ्याने बाकीचे वाचणारे अडायला नकोत, हे तुमचं बरोबर आहे. मध्ये एक लिहिणारा असणार. दुसऱ्या एखाद्या थ्रेडने एमएमॅप किंवा एमअनमॅप (मॅपिंग काढून टाकणं) केलं की तो राइट लॉकच्या रांगेत लागतो. लिहिणाऱ्याची उपासमार होऊ नये म्हणून त्याच्यामागून येणाऱ्या प्रत्येक वाचणाऱ्याला सेमाफोर थांबवतो. पीएस अडकतो तोही इथेच, कारण कमांडलाइन दाखवायला कर्नलला त्या प्रोसेसची मेमरी वाचावी लागते.

हा लिहिणारा लॉगमध्ये का नाही? एमअनमॅपमधली वाट किलेबल (किलने मोडता येणारी) असते. तुमच्या कर्नलमधला हंग टास्क तपासणारा थ्रेड किलेबल टास्क मुद्दाम वगळतो, एनएफएसवर ताटकळणारे दर वेळी लॉगमध्ये येऊ नयेत म्हणून. म्हणजे लॉगवरून जो निष्कर्ष काढलात, त्यात मधला दुवाच नव्हता. सिसआरक्यूचा डब्ल्यू (अडकलेल्या टास्कचे स्टॅक लॉगमध्ये टाकणारी कर्नलची कमांड) द्या, त्यात किलेबलही येतात. दहा मेसेजची मर्यादा एकूण आहे, प्रत्येक घटनेपुरती नाही. ती संपली म्हणून नंतर शांतता होती. हंग-टास्क-वॉर्निंग्ज हे सेटिंग -१ (अमर्याद) करा.

लॉकडेपकडून इथे अपेक्षा ठेवू नका. ते लॉकच्या क्रमातलं चक्र शोधतं. इथे चक्र नाही, एका दिशेची रांग आहे, आणि रायटबॅकची वाट ही त्याच्या हिशेबात लॉकच नाही.

आणि कृपा करून सॉफ्ट माउंटची पळवाट काढू नका. टाइमआउट झाला की लिहिलेला डेटा जाऊ शकतो.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. टेस्ट मशीनवर आयपीटेबल्सने (फायरवॉलने) एनएफएसचा २०४९ पोर्ट बंद केला आणि सर्व्हिसवर लोड टाकला. थोड्याच वेळात तीच अवस्था! सिसआरक्यूमध्ये तिघेही दिसले: पेज-एमकेराइटमध्ये रायटबॅकची वाट बघणारा थ्रेड, एमअनमॅपमध्ये राइट लॉकसाठी थांबलेला दुसरा, आणि त्यामागे बाकी सगळे. पोर्ट उघडला, एनएफएस सर्व्हर बोलू लागला आणि रांग आपोआप मोकळी झाली. म्हणजे रेस नव्हतीच.

अडकलेल्या अवस्थेत माहिती काढणाऱ्यांसाठी एक: पीएसला कमांडलाइन मागू नका. पीआयडी, टीआयडी, स्टॅट, डब्ल्यूचॅन (कर्नलमध्ये कुठे थांबलाय) आणि कॉम (नुसतं नाव) एवढंच मागितलं तर तो अडकत नाही. आमची देखरेखीची स्क्रिप्ट दर मिनिटाला पीग्रेप -एफ (कमांडलाइनवरून प्रोसेस शोधणारी कमांड) चालवत होती आणि तिच्याच अडकलेल्या प्रती लोड वाढवत होत्या. आता ती पीआयडी फाइल वाचते. इंडेक्स लोकल डिस्कवर हलवतोय.

एक प्रश्न उरतोच. ५.१ पासून फॉल्टमध्ये पेज वाचताना कर्नल शक्यतो लॉक सोडून आयओ करतो, आणि ६.४ पासून प्रत्येक व्हीएमएला (प्रोसेसच्या मेमरीतल्या एका सलग भागाला) वेगळं लॉक आलं. पण माझा थ्रेड वाचताना नाही, लिहिताना अडकतो. ६.४ किंवा पुढच्या कर्नलवर एनएफएसचं शेअर्ड मॅपिंग कोणी वापरत असेल, तर वरचा पोर्ट बंद करण्याचा प्रयोग करून सिसआरक्यूचा स्टॅक इथे टाकाल का? अपग्रेडची मागणी पुढे करायची की नाही, ते त्यावर ठरवेन.